गावाची पुढची बाजू

सज्जनबाई बेदमुथांना पारोळा गाव तोंडपाठ होतं, पण गुडघ्यापर्यंतच. कोणाच्या घराची पायरी डाव्या अंगाला जास्त झिजली आहे, कोणाच्या उंबऱ्यात घोड्याचा नाल ठोकलाय, कोणाच्या ओट्यावर पोरांनी वाघबकरीचा पट कोरून ठेवलाय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्याच घराला माड्या किती आणि सज्जा लाकडी की लोखंडी असं विचारलं, की मात्र त्या गप्प. यात गूढ काही नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून बाई गावात फिरल्या त्या नाकाच्या शेंड्याखाली पदर ओढून. पदराखालून जेवढं गाव दिसतं तेवढं त्यांनी पाहिलं, आणि जेवढं पाहिलं तेवढं मात्र नीट पाहिलं.

माहेर दोंडाईच्याचं. वडील मिरचीचे व्यापारी, घर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं ही मुलगी भावाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून सायकल शिकली, आणि पुढे सीटवर बसून साऱ्या बाजारात हिंडायला लागली. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून गप्पा. हंगामात मिरचीच्या ठसक्यानं अख्खा बाजार खोकत असायचा आणि आमच्या सज्जनच्या तोंडाचा पट्टा तरीही चालूच, असं वडील कौतुकानं सांगत. आईला मात्र घोर लागला होता, की सासरी हे तोंड बंद कसं राहणार. तिनं उगाच काळजी केली. सासरी त्याची चोख व्यवस्था होती.

सासरचं घर कापडवाल्यांचं. फार पूर्वी राजस्थानातून आलेलं कुटुंब. पारोळ्याचा भुईकोट किल्ला गावाच्या मधोमध आहे, त्याच्या खंदकाच्या कडेनं बाजार पसरलेला, आणि किल्ल्याच्या दरवाजासमोरच यांचं दुकान. दुकानाच्या गादीवर मोठे दीर अभयकुमार बसत. त्यांच्या शेजारी, जरा खालच्या अंगाला, सज्जनबाईंचे यजमान रुपचंद. मोठ्या दिरांना या घरांत जेठजी म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठजींना तोंड दाखवायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, असा रिवाज. जेठजींनीही तिच्याशी बोलायचं नाही. मग एका छपराखाली राहायचं कसं? त्याचीही सोय होती. जेठजी भिंतीशी बोलायचे. "कोणीतरी ऐका, आज जेवायला पाहुणे आहेत," असं ते समोरच्या भिंतीला सांगत, आणि दाराआडून सज्जनबाईंच्या बांगड्या वाजत. एकदा वाजल्या की हो. दोनदा वाजल्या की घरात भाजी नाही, बाजारातून पाठवा.

ऐकून हसू येतं, आणि यायलाच हवं. पण अभयकुमार माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. धाकट्या भावजयीला बाळंतपणात डिंकाचे लाडू कमी पडू नयेत म्हणून ते भिंतीला दिवसातून दहादा विचारत. त्यांची बायको वारली त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर घरात दोघंच उरली होती, ते ओसरीत आणि सज्जनबाई दाराआड. दोघंही रडत होती. बऱ्याच वेळानं ते भिंतीला म्हणाले, "कोणीतरी दिवा लावा, अंधार झालाय." सज्जनबाईंनी दिवा लावला. दोन शब्द बोलायची इच्छा त्यांच्या घशाशी आली आणि तिथूनच परत गेली. त्या दिवसाची खंत त्यांनी कोणाला सांगितली नाही.

बाजारातून जायचं म्हणजे जेठजींच्या दुकानावरून जायचं, तेव्हा बाजाराचा रस्ता सुनांना बंदच. त्यांची वाट वेगळी. घराचं मागचं दार, मग बोळ, मग कासाराच्या घरामागून वळण, विहीर, आणि थेट जैन स्थानकाचं, म्हणजे साधुसाध्वींच्या प्रवचनाच्या जागेचं, मागचं दार. वर्षानुवर्षं सज्जनबाई या वाटेनं स्थानकात गेल्या, हळदीकुंकवाला गेल्या, मयताच्या घरी गेल्या. घराघराचं मागचं दार त्यांच्या ओळखीचं झालं. कधी जीपमध्ये बसून माहेरी जाताना बाजार लागायचा, तेव्हा पदर आणखी बोटभर खाली. किल्ल्याचा दरवाजा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण बाईंनी पाहिला तो जमिनीला टेकलेला भाग. वर काय आहे ते घरातल्या कॅलेंडरवर होतं.

मग सून आली. अखिल हा सज्जनबाईंचा मुलगा, आणि पलक ही त्याची बायको, जळगावची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती ओढणी गळ्यात टाकून ओसरीत आली आणि अभयकुमारांना म्हणाली, "बाबोसा, चहात साखर किती?" साऱ्या घरानं श्वास रोखला. बाबोसा म्हणजे मोठे काका. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि म्हणाले, "अर्धा चमचा." संपलं. पलकसाठी घुंघट तिथंच संपला. सज्जनबाईंचा मात्र चालू राहिला, कारण त्यांना कोणी थांब म्हटलं नव्हतं, आणि म्हणणार तरी कोण.

अखिलची हायवेवर इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी होती. हळू चालणाऱ्या, लायसन न लागणाऱ्या स्कूटर त्यानं हौसेनं मागवल्या आणि गावातल्या पोरांनी त्यांना नाकं मुरडली. त्यांना धूर हवा होता, आवाज हवा होता. स्कूटर एका ओळीत धूळ खात उभ्या राहिल्या. पलकला त्या पाहून कल्पना सुचली. धुळे-जळगाव रस्त्यानं रोज एवढी माणसं जातात, त्यांना या स्कूटरवर बसवून जुनं गाव दाखवायचं. गल्लीबोळात मोटार शिरत नाही, चालून पाय दुखतात. ही स्कूटर कुठंही जाईल आणि आवाज न करता जाईल. गाव दाखवणारं माणूस तेवढं हवं होतं. पलक स्वतः तयार होती, पण तिला गाव कुठं माहीत होतं? रोज रात्री जेवताना ती सासूला विचारायची आणि सासू सांगायची. कासाराच्या पायरीत पितळेचे ठिपके आहेत, पूर्वी भांडं ठोकताना उडालेले. अमक्या उंबऱ्यावर दोन लहान पावलं कोरलीत, घरात जगलेल्या पहिल्या मुलाची. तमक्या ओट्याला मुद्दाम एक दगड कमी ठेवून खाच केलीय, रस्त्यानं जाणाऱ्याला टेकायला. एका रात्री पलकनं हातातला घास ताटात ठेवला.

"मम्मीजी, हे मी सांगण्यात काय अर्थ आहे? तुम्हीच सांगा ना लोकांना."

सज्जनबाई हसल्या. मग हसणं थांबलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे हवं आहे. फार हवं आहे. दोंडाईच्याच्या रस्त्यावर सायकल चालवणारी, येत्याजात्याला थांबवून बोलणारी ती पोरगी मेली नव्हती. इतकी वर्षं पदराखाली वाट पाहत बसली होती. त्यांनी रुपचंदांकडे पाहिलं. रुपचंद भला माणूस, पण मोठ्या भावाच्या सावलीत वाढलेला. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." त्यांच्यापुरती ही परवानगीच होती.

स्कूटर शिकायला एजन्सीमागचं मैदान होतं. अखिलला वाटलं होतं, आईला महिना लागेल. सज्जनबाईंनी पदर कमरेला खोचला, बुटांचे बंद बांधले, सीटवर बसल्या, आणि मैदानाला फेरी मारून त्याच्यासमोर येऊन थांबल्या. "याला पायडल नाही एवढंच," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बॅटरी संपेपर्यंत फेऱ्या मारल्या. वारा तोंडावर यायचा. उघड्या तोंडावर वारा येतो तेव्हा कसं वाटतं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

आता त्यांनी केलेली चूक सांगायला हवी. पलकनं जळगावहून आपल्या मैत्रिणी बोलावल्या, चाचणी म्हणून. सज्जनबाई पुढे, मैत्रिणी मागे, शेवटी पलक. बाई काय बोलल्या त्या दिवशी. प्रत्येक पायरीपाशी थांबल्या, प्रत्येक उंबऱ्याची गोष्ट सांगितली. मुली गुडघे टेकून फोटो काढत होत्या. घराघरांतून बायका बाहेर आल्या, कोणी पाणी दिलं, कोणी पापड. फेरी संपली, सगळ्या खूश. तेवढ्यात एकीनं सहज विचारलं, "काकू, आणि किल्ला कधी दाखवणार?"

सज्जनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पारोळ्यात येऊन किल्ला राहिला होता. बाजार राहिला होता. त्यांनी पाहुण्यांना बोळातून नेलं होतं, विहिरीवरून नेलं होतं, मोऱ्या ओलांडून, वाळत घातलेली लुगडी बाजूला सारत, साऱ्या गावाची मागची दारं दाखवली होती. एकदाही त्यांना ते जाणवलं नव्हतं. हात आपोआप सवयीच्या वळणावर वळले होते. सुनांच्या वाटेनं त्यांनी अख्खी सहल नेऊन आणली.

संध्याकाळी पलकनं कागदावर गल्ल्यांच्या रेघा काढल्या आणि हसत सुटली. "मम्मीजी, तुमच्या पारोळ्याला पुढची बाजूच नाही." सज्जनबाई पण हसल्या, पण क्षणभरच. त्यांना कळून चुकलं की पुढच्या वेळी बाजारातून जावं लागेल. किल्ल्याच्या दरवाजासमोर थांबावं लागेल. म्हणजे दुकानासमोर थांबावं लागेल.

"बेटा, एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "मी जाईन. पण जेठजींनी मला पाहून नुसतं तोंड फिरवलं, तरी मी पुन्हा या स्कूटरला हात लावणार नाही. त्या माणसाचा मान माझ्यानं मोडवणार नाही."

"मग त्यांना आधी विचारूया."

"कोण विचारणार? मी? कशी?"

 पलक विचारायला तयार होती, पण सज्जनबाईंनी शपथ घातली. पोरीकरवी परवानगी मागवायची म्हणजे पुन्हा भिंतीशीच बोलणं झालं, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी हेल्मेटच्या ढिगातून एक हेल्मेट उचललं, ज्याची पुढची काच काळी होती. काच खाली ओढली की आतलं तोंड कोणाला दिसत नव्हतं. आतून मात्र सगळं दिसत होतं. घुंघटापेक्षा हे बरंच, असं म्हणून त्यांनी ते आपल्या नावानं बाजूला ठेवलं. 

पहिली खरी सहल थंडीतल्या एका रविवारी ठरली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं महिला मंडळ मिनीबस करून आलं. म्होरक्या प्रमिलाबाई, रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. साठी उलटलेली, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. निम्म्या बायका कॉलनीत लुना चालवून तयार झालेल्या, उरलेल्या त्यांच्या मागे बसल्या. स्वेटर, मफलर, हेल्मेट असा सगळा लवाजमा आवाज न करता हायवेवरून गावाकडे वळला, तेव्हा कोपऱ्यावरची कुत्री भुंकायचीच विसरली.

आधी बोळ झाले. बायका पायऱ्यांपाशी रमल्या. दोन लहान पावलांच्या उंबऱ्यापाशी एकीचे डोळे भरले आणि ती तिथंच थोडा वेळ उभी राहिली. सज्जनबाईंना धीर आला. मग वळण आलं, तेच, जिथं सवयीनं हात उजवीकडे जायचे. बाईंनी काच खाली ओढली आणि हँडल डावीकडे वळवलं.

बाजार नुकता उघडत होता. शटर वर जात होती, झाडू मारले जात होते. स्कूटरची रांग शिरली आणि झाडू थांबले. चहाच्या टपरीवरचा लोटन कपबशी धुता धुता पुढे झाला, शेजाऱ्याला म्हणाला, "हाई कोन शे रे पुढे?" शेजारी म्हणाला, "रुपचंद शेठनी घरवाली शे ना ती. लुगडं वळखीचं शे." लोटनच्या हातातली बशी तशीच राहिली. या दुकानासमोर त्यानं उभा जन्म काढला, पण शेठाच्या घरची ही सून या रस्त्यानं गेलेली पाहिली नव्हती.

दुकानासमोर सज्जनबाई थांबल्या. गादीवर अभयकुमार होते, पांढरी टोपी, हातात वर्तमानपत्र. शेजारी रुपचंद, चेहऱ्याचा रंग उडालेले. काळ्या काचेआडून बाईंना सगळं दिसत होतं. त्यांनी स्कूटर स्टँडला लावली आणि सीटला टेकून उभ्या राहिल्या. मागे बायका गोळा झाल्या. सज्जनबाईंनी बोलायला सुरुवात केली.

"ऐकू येत नाही हो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सज्जनबाईंनी आवाज चढवला. काचेआड तो त्यांच्याच कानात घुमला, काच वाफेनं धूसर झाली.

"सज्जनताई, काही म्हणजे काही कळत नाहीये. काच वर करा की," प्रमिलाबाई वर्गात बोलल्यासारख्या म्हणाल्या. त्या बिचारीला काय माहीत, ती काय मागत होती.

सगळ्यात मागे पलक उभी होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही. सज्जनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग धूसर काचेतून दुकानाच्या पायरीकडे पाहिलं. पायरीवर रबराची चटई अंथरलेली होती. त्या चटईखाली काय आहे, हे त्यांना माहीत होतं आणि ते सांगायचं होतं. ते न सांगता परत घरी जायचं, पदर ओढायचा, बांगड्या वाजवायच्या, हे आता त्यांच्यानं झालं नसतं. त्यांनी काच वर केली. मग काय वाटलं कोण जाणे, हेल्मेटच काढून स्कूटरवर ठेवलं. पदर खांद्यावरच राहिला.

"हे दुकान आमच्या घरचं," त्या म्हणाल्या. पहिला शब्द जरा फाटका आला, पुढचे नीट आले. "याच्या पायरीच्या कडेला कापड मोजायचा गज कोरलेला आहे. दोन टोकांना दोन खाचा आणि मध्ये बारीक खुणा. जुन्या काळी गिऱ्हाईक कापड घेऊन खाली उतरलं की इथं स्वतः मोजून पाहायचं. बोटभर जरी कमी भरलं तरी परत वर जायचं आणि शेठला सांगायचं. माप गादीपाशी नव्हतं, रस्त्यावर होतं, सगळ्यांसमोर."

 लोटनच्या टपरीवर दूध उतू गेलं ते त्याला कळलं नाही. अभयकुमारांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पण बाईंकडे पाहिलंही नाही. ते कापडाच्या कपाटाकडे बघत, कपाटालाच म्हणाले, "रुपचंद, कोणीतरी विचारा, पायरीतल्या गजाचं कोणी सांगितलं."

रुपचंदांनी विचारायला तोंड उघडलं. त्यांना तसदी पडली नाही.

"कोणी सांगायला कशाला हवं, जेठजी," सज्जनबाई म्हणाल्या, सरळ, त्यांच्याकडे बघून. "मी पाहिला आहे. माझी वरात आधी इथं थांबली होती. पहिलं पाऊल दुकानाच्या पायरीवर ठेवायचं म्हणून. पदराखालून मला तेवढाच दगड दिसत होता. पारोळ्यातलं मी पाहिलेलं पहिलं ते हेच. तो गज आहे, हे मागून सासूबाईंनी सांगितलं."

अभयकुमार उठले. लोकांना वाटलं आता ते आत जाणार. सज्जनबाईंनाही तेच वाटलं. पण म्हातारा गादीवरून खाली उतरला, चपला न घालता पायरीपाशी आला, वाकला, आणि त्यानं रबराची चटई दोन्ही हातांनी ओढून काढली. खाली धुळीचा थर होता. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तो पुसला, खाचेत साचलेली माती नखानं उकरली. काळ्या दगडाच्या कडेला गज दिसू लागला, बाईंनी सांगितला तसा.

"एक म्हातारं गिऱ्हाईक घसरलं म्हणून मी चटई टाकली," ते म्हणाले. "मग काढायचं राहूनच गेलं. वडील आम्हा दोघांना इथं बसवून कापड मोजायला शिकवायचे. रुपचंद, आठवतं का रे?" रुपचंदांना आठवत होतं. ते गादीवरून कधी खाली आले, कोणाला कळलं नाही. प्रमिलाबाईंनी गळ्यातला मफलर काढून दगडावर पसरला आणि मोजला. मग बाकीच्या बायकांनी पण पदर मोजून पाहिले, आणि एकच गोंधळ उडाला.

त्या गोंधळात अभयकुमार कंबर धरून सरळ उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धाकट्या भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं. केस पांढरे झालेली, डोळ्यांत पाणी असलेली बाई त्यांच्यासमोर उभी होती. त्यांच्या मनातली सून बहुतेक अजून विशीतलीच असावी.

"बिनणी," ते म्हणाले. बिनणी म्हणजे सूनबाई. "मोठी गेली ना, तेव्हाच मी ठरवलं होतं, हा घुंघट आता पुरे. आमच्या बाजूनं तो तेव्हाच उठला होता."

सज्जनबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग सांगितलं का नाही, जेठजी?"

"सांगणार कसं? आपण बोलत नव्हतो ना."

आधी रुपचंद हसले. मग लोटन, मग पलक, मग ज्यांना काही कळलं नव्हतं त्या भुसावळच्या बायकासुद्धा. अभयकुमार हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागले, आणि ते धुळीचं उपरणं असल्यानं सारं तोंड काळं झालं. सज्जनबाई रडतही होत्या आणि हसतही होत्या, आणि दोन्हीपैकी काहीही लपवायला त्यांच्या तोंडावर पदर नव्हता. वाया गेलेल्या त्या सगळ्या वर्षांचा त्यांना राग यायला हवा होता. तो नंतर येईल, आला तर. त्या क्षणी छातीत एवढा आनंद दाटला होता की दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती.

लोटननं उरलेल्या दुधाचा चहा सगळ्यांना दिला. सज्जनबाईंच्या हातात कप देताना म्हणाला, "भाभी, बठ्ठा बाजार तुमले देखी ऱ्हायना." खरंच सगळा बाजार त्यांच्याकडे बघत होता. बाईंनी बाजारावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "देखू दे ना भाऊ. मी बी आजच देखी ऱ्हायनू."

निघताना अभयकुमारांनी विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता येणार? दगड धुऊन ठेवतो." सवयीनं बाईंचा हात हलला आणि बांगड्या वाजल्या. मग त्यांनी तोंडानं सांगितलं, "दहा वाजता, जेठजी."

आता उरला होता किल्ला. स्कूटर सुरू करायचीही गरज नव्हती, रस्ता ओलांडला की झालं. बायका सज्जनबाईंच्या मागे दरवाजासमोर येऊन उभ्या राहिल्या. प्रमिलाबाईंनी मोबाइल पुढे धरला, कोणी कान टवकारले. सज्जनबाईंनी पाहुण्यांना सांगायचं सगळं आठवड्यात पाठ केलं होतं. कोणी बांधला, कधी बांधला, खंदकात पाणी कुठून यायचं, झाशीच्या राणीच्या माहेरचं नातं इथं कसं सांगतात. त्यांनी बोलायला मान वर केली.

दोन्ही बाजूंना बुरूज होते, सकाळच्या उन्हात पिवळसर झालेले. मध्ये कमान, कमानीच्या वर चिऱ्यांतून उगवलेला पिंपळ, पिंपळावर पोपट. कॅलेंडरवर यातलं काही नव्हतं. कॅलेंडरवर तो इतका उंच नव्हता. सज्जनबाईंची मान वर गेली ती वरच राहिली. पाठ केलेलं एक अक्षर त्यांना आठवेना.

"बोला ना, ताई," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"सांगते," सज्जनबाई म्हणाल्या. "पण जरा थांबा. मला आधी बघू द्या."

आणि त्या सगळ्या थांबल्या.